एका शब्दाची दुरुस्ती

२८ जुलै

सकाळी सातला दीक्षाचा फोन. "सर, तांबोळींच्या घरात पाणी शिरलंय."

"किती?"

"कमरेपर्यंत."

कमरेपर्यंत म्हणजे बरोबर टाइल्सच्या वरच्या कडेपर्यंत. मागच्या पुराचा डाग भिंतीवर तिथवरच होता, म्हणून तर विक्रीच्या आधी तिथवर टाइल्स लावून घेतल्या होत्या. गवंड्याचं माप चुकलं नाही, एवढं समाधान मानायचं.

धरणातून पाणी सोडलं की नदीकाठच्या सोसायट्यांत ते येणारच. सोडणाऱ्यांना कोणी विचारत नाही, आता सगळे एजंटला विचारतील. दीक्षा म्हणाली, "रहीमभाईंच्या अम्मींना जेवणाच्या टेबलावर ठेवलंय. बोटीची वाट बघताहेत. मी निघू का?" मी म्हटलं, तू जाऊन बोट होणार आहेस का? ऑफिस उघड.

३० जुलै

रहीम तांबोळी मला रोज चार वेळा फोन करतो आहे. मी उचलत नाही. मनाला बरं वाटत नाही, पण उचलून काय बोलणार?

वस्तुस्थिती लिहून ठेवतो, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील. रहीमचा मार्केट यार्डात सुक्या मिरचीचा व्यापार. आईला अर्धांगवायू, म्हणून तळमजलाच हवा होता. दीड वर्षापूर्वी मी त्याला पाच सोसायट्या दाखवल्या. पाचही ठिकाणी कमिटीने आडनाव ऐकलं आणि एकदम तळमजला शिल्लक नसल्याचं लक्षात आलं. पुण्यात नाही कोणी म्हणत नाही, फक्त फ्लॅट संपतात. शेवटी नदीकाठचा हा मिळवून दिला. तिथे कमिटीने काही विचारलं नाही, कारण तो तळमजला चार वर्षं कोणी घेतच नव्हतं. मी जातपात मानत नाही. माझ्याकडे दीक्षा अकरा वर्षं आहे, आणि ओव्हाळ आडनावामुळे तिला मी कधी काही कमी पडू दिलं नाही. माझ्याच कपातून चहा पिते.

फ्लॅट बघताना रहीमची बायको जरीना खिडकीशी उभी राहून म्हणाली होती, "पाण्याचा त्रास नाही ना?"

मी म्हटलं, "छे! चोवीस तास पाणी. महापालिकेचं, वर बोअर."

पुण्यात हा प्रश्न नळाचाच असतो. तीस वर्षांत मला हजार लोकांनी विचारला असेल आणि हजार वेळा तो नळाचाच होता. आता ती म्हणते आहे की तेव्हा तिने नदीकडे बोट दाखवलं होतं. असेल. मी त्या वेळी खिशात किल्ली शोधत होतो.

किल्ली दीक्षाच्या हातात होती, हेही आत्ता आठवलं.

२ ऑगस्ट

तांबोळींची नोटीस आली. आठ पानं. "जाणूनबुजून लपवले" हे शब्द त्यात सहा वेळा आहेत.

तीन वर्षांपूर्वी मी धंद्यातल्या चुकांचा विमा उतरवला तेव्हा नारायण पेठेतले सगळे एजंट मला हसले होते. "परचुरे, तुम्ही डॉक्टर आहात की काय?" आता हसा म्हणावं. कंपनीने मला वकील दिली. मैत्री नाव. वय जेमतेम तीस, आणि नावाचा मैत्रीशी काही संबंध नाही.

तिने पॉलिसी समजावून सांगितली. "सर, बेसिकली दोन गोष्टी. तुमच्याकडून निष्काळजीपणाने काही राहून गेलं आणि कस्टमरचं नुकसान झालं, तर कंपनी भरणार. तुम्ही माहीत असून लपवलं, तर कंपनी एक रुपया भरणार नाही. घर, ऑफिस, जे असेल ते तुमचं तुम्ही बघायचं. आणि दुसरं, कंपनीच्या परवानगीशिवाय कोणाजवळही चूक कबूल करायची नाही. सॉरी नाही, माफ करा नाही, वाईट वाटतं हेही नाही."

मी विचारलं, "समजा, मला माहीत असेल तर?"

तिने पेनाला टोपण लावलं. "तर ते मला माहीत व्हायला नको. टाइल्स कोणी लावल्या?"

"आधीच्या मालकाने."

"गुड. मालक कुठे असतात?"

"वारले."

"व्हेरी गुड," ती म्हणाली, मग सावरून, "आय मीन, सॉरी."

तिला सॉरी म्हणायची मुभा आहे.

६ ऑगस्ट

रहीमची आई आज गेली. छातीत पाणी झालं होतं. टेबलावर पाच तास ओल्या कपड्यांत होती म्हणे.

संध्याकाळी दीक्षा समोर येऊन उभी राहिली. "सर, भेटायला जाऊ या."

"जाता येणार नाही. पॉलिसीत बसत नाही."

"बोलायचं नाही काही. नुसतं बसून येऊ."

"दीक्षा, मयताच्या घरी नुसतं बसलेला एजंट म्हणजे कबुलीच असते. तूही जायचं नाहीस."

ती काही बोलली नाही. ती बोलली नाही की मला वाटतं पटलं. ही माझी जुनी चूक आहे.

७ ऑगस्ट

गेलीच! वर येऊन सांगतेसुद्धा, जसं काही दळण टाकून आली.

"काय बोललीस तिथे?"

"जरीनाभाभी रडत होत्या. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, आमची चूक झाली."

"हेच शब्द?"

"हेच."

"कोण कोण होतं?"

"घरभर माणसं होती, सर. मयताचं घर होतं."

 तीस वर्षांचा धंदा, राहतं घर, बायकोच्या, हेमाच्या नावावरचं ऑफिस, सगळं या बाईने तीन शब्दांत ओवाळून टाकलं. मी तिला नाही नाही ते बोललो. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "चूक झालीच होती ना, सर?" असल्या माणसांमुळेच विमा लागतो.

९ ऑगस्ट

मैत्रीच्या ऑफिसात दीड तास. मला वाटलं होतं ती डोकं धरून बसेल, पण तिचा चेहरा खुलला.

"नक्की काय म्हणाल्या? 'आमची' की 'माझी'?"

"आमची."

"शुअर? कारण 'आमची' म्हणजे फर्म. मग कंपनी हात वर करणार. पण 'माझी' म्हणजे त्या एका व्यक्तीची. मग फर्मने काही कबूल केलंच नाही, आणि व्यक्तीकडून निष्काळजीपणा झाला, जो पॉलिसीत कव्हर आहे. उलट आपली केस स्ट्राँग होते."

"आणि 'आपली' म्हणाली असती तर?"

"तर त्यात कस्टमरची पण चूक आली असती," मैत्री म्हणाली, आणि आम्ही दोघं मनापासून हसलो. मराठी किती समृद्ध भाषा आहे, याची लोकांना कल्पना नसते.

मग तिने सगळं मांडून दाखवलं. पुराची गोष्ट जुन्या मालकाने दीक्षाला सांगितली होती. ती मला सांगायला विसरली. जरीनाच्या प्रश्नाला उत्तरही तिनेच दिलं, नळाचं समजून. मला कशाचाच पत्ता नव्हता. विसरणं म्हणजे निष्काळजीपणा, लपवणं नव्हे.

जाताना तिने विचारलं, "त्या पगारावर आहेत की कमिशनवर?"

"कमिशनवर. पगार, फंड, ती लचांडं मी ठेवत नाही. पॉलिसीच्या फॉर्ममध्येही तसंच लिहिलंय, कर्मचारी नाहीत."

"बरं आहे," ती म्हणाली. कोणासाठी बरं, ते मी विचारलं नाही. उशीर झाला होता.

१२ ऑगस्ट

आज दीक्षाची सही घेतली. सोपं गेलं नाही.

तिने कागद दोनदा वाचला. ती कागद वाचते, हा गुण मीच तिला लावला. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "मी विसरले नव्हते, सर. मी तुम्हाला दोनदा म्हटलं होतं, त्यांना पुराचं सांगायला हवं म्हणून. तुम्ही म्हणालात, विचारलं तर सांगू."

"तेच विसर."

तिने बोट उचललं नाही. मग मी तिला नीट समजावलं. क्लेम फेटाळला तर हे ऑफिस बंद. ऑफिस बंद झालं तर तिचं अडकलेलं कमिशन बुडालं. तिने वाघोलीच्या पुढे वन बीएचके घेतला आहे, आठ वर्षं भिशी आणि कर्ज करून, आईला घेऊन राहायला जायचं म्हणते. सप्टेंबरात शेवटचा हप्ता. तो कशातून भरणार? हे मी धमकी म्हणून म्हटलं नाही, माहिती म्हणून म्हटलं.

"आणि पैसे कंपनी भरणार आहे," मी म्हटलं, "तुझ्या खिशाला तोशीस नाही. एका शब्दाची तर दुरुस्ती आहे."

"माझं नाव लागेल ना, सर. त्या बाईंची सासू गेली आणि ती माझ्यामुळे गेली, असं होईल."

"कागदावर."

"तुम्ही माझ्या बाजूने उभे राहाल?"

"म्हणजे काय! अकरा वर्षं कोण उभं आहे?"

तिने सही केली. नोटरीकडे खाली उतरताना जिन्यात मी तिला पुढे जाऊ दिलं. नोटरीने शपथ वाचून दाखवली तेव्हा तिने डोळे मिटले होते. थकली असेल. येताना तिला उसाचा रस पाजला.

१३ ऑगस्ट

हेमाने विचारलं, "दीक्षाने कसली सही केली?" मी सांगितलं. ती पोळी लाटत होती, थांबली.

"तिचं वाईट झालं तर?"

"होणार नाही."

"आणि झालं तर तुम्ही काय करणार?"

बायकांना पॉलिसी समजत नाही. मी मीठ मागितलं.

१८ सप्टेंबर

समेटाची बैठक. लांब टेबल, एका बाजूला तांबोळी आणि त्यांचे वकील, दुसऱ्या बाजूला मी, मैत्री, कंपनीचा माणूस आणि शेवटच्या खुर्चीवर दीक्षा. ती माझ्या शेजारी बसायला येत होती, मैत्रीने तिला तिकडची खुर्ची दाखवली.

 रहीमची दाढी पूर्ण पांढरी झाली आहे दोन महिन्यांत. जरीना बोलली. म्हणाली, "मी खिडकीतून नदी दाखवून विचारलं होतं. आणि उत्तर या साहेबांनी दिलं होतं, या बाईंनी नाही. आणि या बाई आमच्या घरी आल्या तेव्हा 'आमची चूक झाली' म्हणाल्या. आमची. माझ्या कानांनी ऐकलंय."

मध्यस्थाने दीक्षाला विचारलं. मैत्री टेबलाखाली पाय हलवत होती. 

दीक्षा म्हणाली, "उत्तर मी दिलं होतं. आणि 'माझी' म्हणाले होते."

आवाज अगदी स्वच्छ. मला तिचा अभिमान वाटला.

जरीना तिच्याकडे वळली. "त्या दिवशी तुमच्यातली तू एकटी आलीस," ती हळू म्हणाली, "म्हणून मी सगळ्यांना सांगितलं, या बाईला काही बोलू नका. घरात मय्यत असताना तुला पाणी दिलं मी." मग तिने ओढणी सारखी केली. "आता कळलं तू का आलीस. आधी ऐकायला आलीस, आम्ही काय काय बोलतो ते."

 दीक्षाने माझ्याकडे पाहिलं. मी मैत्रीकडे पाहिलं. मैत्रीने मान हलवली, नाही म्हणून. म्हणून मी समोरच्या पाण्याच्या बाटलीवरचं लेबल वाचत बसलो.

४ ऑक्टोबर

मिटलं! कंपनीने तांबोळींची पूर्ण मागणी चुकती केली. "जाणूनबुजून" हा शब्द करारात एकदाही नाही. माझ्या खिशातून फक्त पॉलिसीत ठरलेला पहिला छोटा हिस्सा गेला. मैत्रीने पेढे मागितले, चितळ्यांचेच हवेत म्हणून सांगितलं.

दीक्षालाही तिच्या फ्लॅटची किल्ली परवा मिळाली. सगळ्यांचं चांगलं झालं. ती रविवारी नव्या घरी बुद्धवंदना ठेवते आहे. मला आणि हेमाला बोलावलं.

८ ऑक्टोबर

हेमा गेली. मी गेलो नाही. मैत्री म्हणाली, फाइल अजून पूर्ण बंद नाही, त्या बाईंच्या घरी दिसू नका. हेमाने येऊन सांगितलं की खोल्या छोट्या आहेत पण उजेड खूप आहे. आई दारातच खुर्ची टाकून बसली होती आणि येईल त्याला सांगत होती, माझ्या लेकीचं घर. मग हेमा म्हणाली, "दीक्षाने तुमच्यासाठी वेगळा डबा काढून ठेवला होता. जेवण संपेपर्यंत दाराकडे बघत होती."

डबा चांगला होता. खीर जरा गोड झाली होती.

११ नोव्हेंबर

एक भानगड झाली आहे. तांबोळींना दिलेले पैसे कंपनी आता दीक्षाकडून वसूल करणार आहे. तिला नोटीस गेली. मला वाटलं काहीतरी चूक आहे, म्हणून मैत्रीला फोन केला.

"चूक नाही सर. कंपनीने तुमच्या वतीने भरले. ज्याच्या चुकीमुळे भरले त्याच्याकडून ते परत मागायचा हक्क आता कंपनीचा. कर्मचारी असत्या तर कंपनी मागे लागली नसती. पण तुम्हीच लिहून दिलंय, कर्मचारी नाहीत. म्हणजे त्या बाहेरच्या."

"हे मला आधी सांगायचं नाही का?"

"सर, मी विचारलं होतं," ती म्हणाली, "पगारावर की कमिशनवर."

आणि आणखी एक. पॉलिसीच्या अटीप्रमाणे वसुलीत मला कंपनीला मदत करावी लागेल. म्हणजे साक्षीदार मी. न केली तर मला दिलेलं सगळं उलटेल. काय करणार? माझे हात बांधलेले आहेत.

२४ नोव्हेंबर

दीक्षा आली. बैठकीनंतर मैत्रीच्या सांगण्यावरून मी तिला ऑफिसात बोलावणं बंद केलं, आणि या दोन महिन्यांत तिला दुसऱ्या कोणी काम दिलेलं नाही. पेठेतल्या एजंटांत बोललं जातं की तिने म्हातारीला बुडवलं. लोक काहीही बोलतात.

मैत्रीने बजावलं होतं की ती आता विरुद्ध पक्ष आहे, अंतर ठेवून बोला. म्हणून मी म्हटलं, "बसा."

ती बसली नाही. दारातच थबकली. "मला म्हणताय, सर?"

"आपलं काम काय आहे?"

तिने नोटीस टेबलावर ठेवली.  "तुम्ही म्हणाला होतात तोशीस नाही. माझ्याकडे घर सोडून काय आहे? आईला मी काय सांगू? सर, मी खरं सांगून टाकते सगळ्यांना."

"आपण शपथपत्र दिलं आहे. आता वेगळं बोललात तर ते शपथेवर खोटं बोलणं होईल. त्याला शिक्षा आहे. आपण वकील लावावा."

"मी कोणासाठी खोटं बोलले?"

 मैत्रीने लिहून दिलेल्या वाक्यांत या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

ती गेल्यावर लक्षात आलं की ती तिची छत्री विसरली आहे. विसरते हे निदान खरं निघालं.

छत्री शिपायाबरोबर पाठवून दिली.

९ जानेवारी

कंपनीने हप्ते नाकारले. एकरकमी दिले तर थोडे कमी करतील, म्हणजे घर विकणंच आलं. तिने दोन-तीन एजंटांना विचारलं, पण तिचं नाव ऐकून कोणी हात लावेना. मला राहवलं नाही. मैत्रीला विचारून रीतसर परवानगी काढली आणि मीच फोन केला. म्हटलं, मी विकून देतो.

 ती म्हणाली, "विका, सर. तुम्हाला जमतं."

इतकं होऊनही तिचा माझ्या कामावर विश्वास आहे. फोन ठेवल्यावर मला भरून आलं. हेमाला सांगितलं तर ती उठून आतल्या खोलीत गेली.

२ फेब्रुवारी

आज गिऱ्हाईक दाखवलं. नवरा-बायको, दोघं आयटीत. दार दीक्षानेच उघडलं. तिने आम्हाला खोल्या दाखवल्या, कुठे ऊन येतं, वारा कुठून येतो, सगळं नीट, मी शिकवलं तसं. आई कॉटवर बसली होती. तिला अजून नीट सांगितलेलं नसावं, कारण तिने त्या मुलीला विचारलं, "कोणाकडे आलात, बाळ?"

नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, प्राइस हाय वाटते."

"बोला ना. अडलेली बाई आहे, खाली येईल."

खोली लहान आहे, एवढं आधी लक्षात घ्यायला हवं होतं. दीक्षा दोन हातांच्या अंतरावर उभी होती, पाण्याचे पेले घेऊन. तिने पेले त्यांच्या हातात दिले. मग मलाही दिला.

सौदा तिथेच ठरला, त्या नवरा-बायकोने सांगितलेल्या भावात. उतरताना नवऱ्याने विचारलं, बाई एवढं नवं घर का विकताहेत? मी म्हटलं, धंद्यात चूक झाली त्यांची.

आमच्या धंद्यात दोन टक्के दोन्हीकडून घ्यायची रीत आहे. दीक्षाकडून मी एकच घेणार आहे. अकरा वर्षांचे संबंध आहेत.